थंडीतून पळणारं फुलपाखरू : ट्रॅकेबल खेळण्याला मिनेसोटाहून टेक्सासला कसं पाठवायचं

ऑक्टोबर अर्धा सरला की मिनेसोटा आणि आयोवातल्या निवृत्त जोडप्यांच्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, दक्षिणेकडे निघायला लागतात. ही मंडळी थंडीचे महिने टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे व्हॅलीत काढतात. मॅकॲलन, मिशन, हार्लिंजन ही त्यांची गावं, आणि तिथले लोक त्यांना 'विंटर टेक्सन' म्हणतात. मार्च-एप्रिलात बर्फ वितळलं की गाड्या पुन्हा उत्तरेला. यातल्या पुष्कळांना वाटेत थांबून जिओकॅश, म्हणजे लोकांनी लपवलेले डबे अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा नाद असतो. नंबराचा टॅग लावून अशा डब्यात सोडलेलं आपलं खेळणं त्यांच्याच गाडीतून फुकट प्रवास करणार आहे.

खेळण्याला उबदार मुलखात पाठवायची कल्पना नवी नाही. 'मला थंडी वाजते, समुद्रकिनारी न्या' असं लिहून कितीतरी अस्वलं, पेंग्विन आणि रबरी बदकं डब्यांत सोडली जातात, आणि त्यातली बरीचशी दोन गावांपलीकडे जात नाहीत. खेळणं कुठे पोचणार हे तुमच्या इच्छेवर कमी आणि ते उचलणारा माणूस कुठे निघालाय यावर जास्त ठरतं. म्हणून खरी अक्कल लागते ती सोडण्याची जागा आणि वेळ निवडताना. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत, तरी त्यातही चुकायला वाव आहे.

उदाहरणादाखल मी मिनीॲपोलिस ते लरेडो हा मार्ग घेतलाय. आय-३५ हा महामार्ग डुलुथला सुरू होतो आणि मेक्सिकोच्या सीमेवर लरेडोला संपतो. लांबी सुमारे २,५०० किलोमीटर. मोनार्क फुलपाखरंही शरद ऋतूत याच पट्ट्यातून मेक्सिकोकडे जातात. २०१६ साली सहा राज्यांच्या वाहतूक खात्यांनी करार केला, रस्त्याच्या कडेला फुलपाखरांना लागणारी झाडं जपायचं ठरवलं आणि 'मोनार्क हायवे' हे नाव रूढ झालं. तेव्हा आपलं खेळणंही नारिंगी-काळं फुलपाखरू.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि लोकांना शोधायला सांगितलं. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि बीन्सचा एक डबा होता. (तो बीन्सचा डबा पुढे सापडला, त्याला नंबर मिळाला आणि आता तोच ट्रॅकेबल म्हणून मेळाव्यांना हजेरी लावतो.) आज जगभर असे डबे लपवलेले आहेत. त्यांची नोंद सिॲटलची एक कंपनी जिओकॅशिंग डॉट कॉमवर ठेवते.

ट्रॅकेबल म्हणजे नंबर कोरलेली वस्तू. त्यातला सगळ्यात जुना आणि सोपा प्रकार ट्रॅव्हल बग : सैनिकांच्या गळ्यात असतो तसा धातूचा टॅग, त्यावर बारकोडची नक्षी असलेला किडा आणि एक कोड. हा टॅग खेळण्याला अडकवायचा. पहिल्यांदाच ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की यात काहीतरी चिप असेल. नसते. ना बॅटरी, ना सिग्नल. खेळणं कुठे आहे हे फक्त माणसांनी केलेल्या नोंदींवरून कळतं. म्हणूनच ते हरवतंही, आणि म्हणूनच मजाही आहे. अवकाश पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी २००८ साली एक ट्रॅकेबल आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर नेला होता. पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या एका उपकरणावरही ट्रॅकेबल कोड आहे, म्हणजे एक ट्रॅकेबल २०२१ पासून मंगळावर आहे. आपल्याला टेक्सासपर्यंतच जायचंय.

खेळणं निवडताना

डब्यांची मापं ठरलेली असतात. मायक्रो म्हणजे १०० मिलीपेक्षा लहान, फिल्मच्या डबीएवढा. त्यात टॅगसुद्धा कसाबसा मावतो. स्मॉल एक लिटरपर्यंत आणि रेग्युलर वीस लिटरपर्यंत. वाटेत सगळ्यात जास्त भेटतात ते मायक्रो आणि स्मॉल. खेळणं सात-आठ सेंटिमीटरपेक्षा मोठं असलं तर त्याला वाटेत उतरायला जागाच मिळत नाही. मग ते कुणाच्या तरी गाडीच्या कप्प्यात महिनोन्महिने पडून राहतं, आणि तिथूनच विसरलं जातं. तेव्हा लहान घ्या.

कापडी नको. डबा कितीही घट्ट झाकणाचा असला तरी कधी ना कधी दमट होतो. कापूस पाणी पितो, बुरशी धरतो, आणि मग पुढचा माणूस त्याला बोटही लावत नाही. कडक, स्वस्त प्लॅस्टिकही नको, कारण मिनेसोटात पारा उणे वीसला गेला की ते ठिसूळ होतं आणि पंखाचा तुकडा पडतो. मऊ, भरीव रबरी किंवा सिलिकॉनचं फुलपाखरू सगळ्यात बरं. दिवे किंवा आवाज असलेलं असेल तर बॅटरी काढून टाका. गंध असलेलं काहीही नको. रॅकून आणि उंदीर डबा कुरतडून आत शिरतात.

आपल्याकडच्या माणसाला साहजिकच मोह होतो तो सावंतवाडीच्या लाकडी खेळण्याचा किंवा गुंजांच्या माळेचा. देखणं असतं यात शंका नाही, पण ओलाव्याने लाकूड फुगतं आणि रंग सोडतं. शिवाय सीमा ओलांडायची असेल तर लाकूड आणि बिया हे दोन्ही कस्टम्सवाल्यांच्या नजरेत भरणारे पदार्थ. आणि फार सुंदर खेळणं मुलांच्या हाती लागलं की परत येत नाही. थोडं बावळट, थोडं गमतीशीर दिसेल असं घ्या. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि मग पुढे नेऊन सोडतात.

टॅगबरोबर मण्यांची साखळी येते ती पहिल्या दिवशीच काढून ठेवा. खिशात नुसतं घासलं तरी ती सुटते, आणि एकदा टॅग निराळा आणि खेळणं निराळं झालं की खेळ संपला. हार्डवेअरच्या दुकानात तारेच्या दोरीची स्क्रूवाली कीचेन मिळते, ती वापरा. फुलपाखराच्या धडातून, पंखातून नव्हे, तापवलेल्या दाभणाने भोक पाडा. पंखाचं रबर पातळ असतं आणि टॅगच्या वजनाने महिनाभरात चिरतं. भोकात बुटाच्या फीतेच्या भोकाला असते तशी छोटी पितळी रिंग बसवली तर आणखी टिकतं. सगळं जोडून झालं की खेळणं हातात धरून टॅग जोरात ओढून पाहा. इथे सुटलं तर बरंच, पुन्हा जोडता येईल.

पान आणि कोड

पाकिटात एकाच नंबरचे दोन टॅग निघतात. एक खेळण्याला लावायचा, दुसरा घरी जपून ठेवायचा. तो दुसरा टॅग पुढे फार कामाला येतो.

साइटवर फुकट खातं उघडून टॅगवरचा कोड आणि सोबतचा ॲक्टिव्हेशन कोड टाकला की तुमच्या फुलपाखराचं पान तयार होतं. आता दोन नंबरांतला फरक समजून घ्या, कारण नवे लोक इथे हटकून गोंधळतात. टीबी या अक्षरांनी सुरू होणारा नंबर जगजाहीर असतो. पानावर दिसतो आणि कुणालाही सांगता येतो. टॅगवर कोरलेला ट्रॅकिंग कोड मात्र गुप्त. ज्याच्याकडे तो कोड आहे त्याने खेळणं प्रत्यक्ष हातात घेतलं असं साइट समजते. इंटरनेटवर अशा कोडांच्या याद्या फिरतात आणि घरबसल्या शेकडो खेळणी 'पाहिल्याची' नोंद करणारे महाभाग आहेत. तेव्हा फोटो टाकताना टॅगवर अंगठा ठेवा. पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोत कोड दिसला तर तो फोटो मालक म्हणून तुम्ही काढून टाकू शकता.

पानावर मोहिमेचा रकाना असतो. तिथे निबंध लिहू नका. पार्किंगमध्ये, हातमोजा काढून, फोनवर वाचणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवा. तीन वाक्यं पुरतात : मी कोण, कुठे चाललोय, मला कसं न्यावं. एका झेपेत मेक्सिकोचं जंगल गाठायची मोहीम ठेवली तर बहुतेकांना वाटतं, हे आपल्याच्याने होणार नाही, आणि ते खेळणं डब्यात तसंच ठेवतात. 'आय-३५ने दक्षिणेला, एक गाव पुढे नेलंत तरी चालेल' असं लिहिलं की पन्नास किलोमीटरवर राहणाराही हात पुढे करतो. मोहीम तुम्हाला केव्हाही बदलता येते. तेव्हा पहिल्या टप्प्याला फक्त आयोवा ओलांडायचं लिहा, मग ओक्लाहोमा, मग टेक्सास.

सोबतची चिठ्ठी

पान सगळेच उघडून पाहत नाहीत, म्हणून खेळण्याबरोबर चिठ्ठी हवीच. डब्यांत देवाणघेवाणीसाठी छोट्या भेटवस्तू असतात. एक घ्या, एक ठेवा असा रिवाज. सहलीला आलेलं सहा वर्षांचं पोर तुमचं फुलपाखरू भेटवस्तू समजून घरी नेतं आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. म्हणून चिठ्ठीवरची पहिली ओळ ठळक : मी भेट नाही, प्रवासी आहे. तिच्याखाली : माझा नंबर जिओकॅशिंगच्या ॲपमध्ये टाका, मग मला दुसऱ्या डब्यात सोडा. टॅगवर नंबर आहेच, चिठ्ठीवर पुन्हा लिहायची गरज नाही.

मोहिमेची ओळ चिठ्ठीवर लिहिताना जरा पुढचा विचार करा, कारण पान बदलता येतं, चिठ्ठी बदलता येत नाही. 'थंडीत दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला' ही ओळ कुठल्याही महिन्यात खरी ठरते, आणि मोनार्कच्या स्वभावालाही धरून आहे. इंग्रजीबरोबर दोन ओळी स्पॅनिशमध्ये घाला. सॅन अँटोनियोच्या पुढे त्या वाचल्या जातात. मराठीत एक ओळ लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, ही कुठली लिपी म्हणून लोक नोंदीत विचारतात आणि नोंद तरी होते.

चिठ्ठी व्हिजिटिंग कार्डाएवढी, लॅमिनेट केलेली, कडेला चार मिलिमीटर प्लॅस्टिक मोकळं सोडून कापलेली. अगदी कागदालगत कापली तर कडेने पाणी शिरतं. कीचेनच्या तारेसाठीचं भोक या मोकळ्या भागात पाडा, कागदातून नको.

कुठे आणि कधी सोडायचं

लिफ्ट हवी असलेला माणूस हायवेच्या तोंडाशी उभा राहतो, गल्लीच्या टोकाला नाही. हाच नियम.

आधी वेळ. विंटर टेक्सन मंडळी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात निघतात, काही नाताळ घरी करून जानेवारीत. मिनीॲपोलिस भागात नोव्हेंबर संपता संपता बर्फ पडून राहायला लागतं आणि जमिनीलगतचे डबे त्याखाली गाडले जातात. दारूगोळ्याच्या जुन्या लष्करी पेट्या या खेळात फार लोकप्रिय आहेत, पण पाणी शिरून गोठलं तर त्यांचंही झाकण हलत नाही. अशा डब्यात डिसेंबरात सोडलेलं फुलपाखरू एप्रिलपर्यंत बाहेर येत नाही, आणि बाहेर येतं तेव्हा सगळे उत्तरेला निघालेले असतात. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. उशीर झालाच तर डब्याच्या पानावर 'हिवाळ्यात उपलब्ध' असं बर्फाच्या कणाचं चिन्ह आहे का ते पाहा.

आता जागा. आय-३५ हा रस्ता मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत पूर्व आणि पश्चिम अशा दोन फाट्यांत फुटतो आणि दक्षिणेला बर्न्सव्हिलपाशी पुन्हा एक होतो. खेळणं त्याच्या दक्षिणेला सोडलं तर दोन्ही फाट्यांवरून खाली उतरणारी वाहतूक त्याच्या वाटेत येते. शहराच्या उत्तरेला, तुमच्या घरामागच्या छान बागेत सोडलं तर ते बागेत फिरायला येणाऱ्यांच्या हाती लागेल, आणि ती मंडळी पुढच्या बागेत जातात. फॅरिबो आणि ओवाटोना ही पुढची गावं योग्य. अल्बर्ट ली मात्र शक्यतो टाळा, कारण तिथे आय-९० आडवा जातो आणि खेळणं साउथ डकोटा किंवा शिकागोकडे फुटू शकतं.

असे सगळेच चौरस्ते धोक्याचे. सगळ्यात ओढाळ चौरस्ता कॅन्सस सिटी. तिथून आय-७० पश्चिमेला जातो, आणि त्याच्या कडेला कॅन्ससच्या पार पलीकडच्या टोकाजवळ मिंगो नावाचा डबा आहे. ११ मे २००० रोजी ठेवलेला, आजवर चालू असलेल्या डब्यांतला सगळ्यात जुना. जिओकॅशिंग करणाऱ्यांची ती पंढरीच. ट्रॅकेबल हाती असलेला माणूस त्याला मिंगोचं दर्शन घडवल्याशिवाय राहत नाही, आणि मग तुमचं फुलपाखरू डेन्व्हरच्या बर्फात जाऊन पडतं. कॅन्सस सिटीजवळ पोचल्याची नोंद आली की मोहिमेत 'आता विचिटा, ओक्लाहोमा सिटी' असं गावांच्या नावानिशी लिहून टाका.

विमानतळाजवळच्या डब्यांबद्दल मतभेद आहेत. मिनीॲपोलिसहून थंडीत कॅनकूनला भरभरून विमानं जातात, तेव्हा नशीब असेल तर आठवड्यात समुद्रकिनारा. नशीब नसेल तर अलास्का. मला रस्ता बरा वाटतो. हळू असतो, पण त्याला दिशा असते.

ट्रॅकेबलांसाठीच ठेवलेले मोठे डबे असतात, त्यांना टीबी (ट्रॅव्हल बग) हॉटेल म्हणतात. हायवेच्या एक्झिटजवळ, गाडी लावून दोन मिनिटांत सापडतील असे. आपल्याला हेच हवेत. काही हॉटेलांवर 'एक ठेवल्याशिवाय एक नेऊ नका' अशी पाटी असते. तो नियम साइटचा नाही आणि तो पाळायचं बंधनही नाही, पण बिचकणारे लोक पाळतात आणि खेळणी अडकून पडतात. असं हॉटेल सोडून द्या.

डबा नक्की करण्याआधी त्याच्या पानावरच्या शेवटच्या आठ-दहा नोंदी वाचा. शेवटचा कधी सापडला? महिन्यातून तीन-चार वेळा सापडत असेल तर उत्तम. 'सापडला नाही' अशा निळ्या तोंडांच्या नोंदी ओळीने असतील तर डबा बहुधा गायब आहे. 'आत पाणी', 'झाकण तुटलंय' असं कुणी लिहिलंय का? आणि पानाच्या कडेला आतल्या ट्रॅकेबलांची यादी असते, ती पाहा. पाच-सहा नावं वर्षानुवर्षं तिथेच असतील आणि लोक मात्र 'आत एकही ट्रॅकेबल नाही' असं लिहीत असतील, तर तो डबा खेळणी गिळणारा आहे. केवळ पैसे भरणाऱ्या सदस्यांना दिसणारे डबे मिळाले तर ते घ्या. तिथे येणाऱ्यांना ट्रॅकेबल म्हणजे काय हे बहुतेक ठाऊक असतं. डबा शोधायला किती कठीण आणि तिथवरची वाट किती अवघड यांचे तारे पानावर असतात, दोन्हींत दीडपेक्षा जास्त नकोत. झाडावर चढून मिळणारा डबा आव्हान म्हणून ठीक, पण सत्तरीचे आरव्हीवाले आजोबा तिथे चढणार नाहीत.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मेळावा. स्थानिक जिओकॅशर हॉटेलात किंवा बागेत जमतात, त्याची तारीख साइटवर असते. टेबलावर ट्रॅकेबल मांडलेले असतात. तिथे जाऊन सरळ विचारायचं, या थंडीत खाली कोण चाललंय? एखादा हात वर होतोच, आणि त्या हातात दिलेलं खेळणं शेवटच्या डब्यापर्यंत जपून जातं. याला लिफ्ट म्हणायचं की आरक्षण, हा वाद घाला हवा तर.

तसंच ओळखीच्या लोकांचं. दिवाळीत किंवा नाताळच्या सुटीत आपल्यातलंच एखादं कुटुंब मिनीॲपोलिसहून गाडीने डॅलसला नाहीतर ऑस्टिनला निघतं. चकल्यांच्या डब्याबरोबर फुलपाखरूही द्यायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर पहिली झेप अनोळखी माणसाकडूनच व्हावी. घरच्या लोकांना अडल्यावेळी कामाला लावावं.

सोडणं आणि नोंद

डब्यात खेळणं लॉगबुकच्या, म्हणजे शोधणाऱ्यांनी नाव लिहायच्या वहीच्या, वर ठेवा, म्हणजे झाकण उघडताच दिसेल. झिपच्या पारदर्शक पिशवीत घाला. लॉगबुकात तुमच्या नावापुढे 'फुलपाखरू सोडलं' असं लिहून ठेवा. ॲपची नोंद चुकली तर हीच खूण उरते. पेन्सिल न्या, कडाक्याच्या थंडीत बॉलपेन चालत नाही. डबा जसा लपवलेला होता तसाच लपवा, आणि आसपास खेळाशी संबंध नसलेली माणसं असतील तर ती जाईपर्यंत थांबा. या खेळात त्यांना 'मगल' म्हणतात.

मग ॲपमध्ये डबा सापडल्याची नोंद करा आणि त्याच नोंदीत फुलपाखरू 'ड्रॉप' करा. ही नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. तुम्ही नोंदवण्याआधीच कुणी उचललं तर साइटच्या लेखी ते अजून तुमच्याच खिशात असतं आणि त्या माणसाचा गोंधळ उडतो.

पुढे येणाऱ्या नोंदींचे प्रकार चारच लक्षात ठेवा. 'रिट्रीव्ह' म्हणजे कुणीतरी डब्यातून उचललं. 'ड्रॉप' म्हणजे दुसऱ्या डब्यात ठेवलं. 'डिस्कव्हर' म्हणजे नुसतं पाहिलं, हलवलं नाही. 'व्हिजिट' म्हणजे खिशात ठेवूनच एखाद्या डब्याचं दर्शन घडवलं. यात किलोमीटर वाढतात पण खेळणं त्याच माणसाकडे राहतं. एखाद्याने रोज दहा डब्यांना 'व्हिजिट' लावली तर तुमच्या इनबॉक्सचा चिखल होतो, पण निदान खेळणं जिवंत आहे हे कळतं. अंतर साइट डब्यापासून डब्यापर्यंत सरळ रेषेत मोजते. मिनीॲपोलिस ते लरेडो सरळ रेषेत साधारण २,००० किलोमीटर आहे, तेव्हा पानावरचा आकडा रस्त्याच्या अंतरापेक्षा कमी दिसला तर बिघडलं काही नाही.

थांबलं, अडलं, हरवलं

उचलणाऱ्याने दोनेक आठवड्यांत ते पुढच्या डब्यात ठेवावं, अशी साधारण अपेक्षा असते. महिना झाला आणि हालचाल नसेल तर साइटवरून निरोप पाठवा. सूर महत्त्वाचा. 'माझं खेळणं परत द्या' असं लिहिलं तर लोक लाजेने गप्प बसतात. 'फुलपाखरू तुमच्याकडे आहे हे पाहून बरं वाटलं, मुलगी रोज नकाशा बघते, जमेल तेव्हा पुढे सोडा' असं लिहिलं तर आठवड्यात हलतं, बहुतेक वेळा माफीसकट. घरात मुलगी नसेल तर भाचीचं नाव घ्या, अर्थात ती खरंच बघत असली तर.

कधी खेळणं एका डब्यात असल्याचं दिसतं आणि तिथे गेलेले लोक नाही म्हणतात. बऱ्याचदा कुणीतरी उचललेलं असतं आणि नोंदवायचं राहिलेलं असतं. पुढे ज्याला सापडेल तो 'दुसरीकडून मिळालं' अशी नोंद करून ते आपल्या नावावर घेऊ शकतो, त्यासाठी तुम्ही काही करायची गरज नाही. म्हणून घाई नको. दीड-दोन वर्षांनी वर आलेली खेळणी असतात. वाट पाहून झाली की मालकाच्या अधिकारात 'बेपत्ता' म्हणून नोंदवा, म्हणजे लोक त्या डब्यात शोधत बसणार नाहीत.

आणि मग घरी जपलेला दुसरा टॅग काढा. दुसरं फुलपाखरू घ्या, त्याला तो लावा, पानावर तसं लिहा, आणि आधीचं जिथे थांबलं तिथून पुढचा प्रवास सुरू करा. कॅन्सस सिटीतल्या ओळखीच्या कुटुंबाला काम सांगायची वेळ ती हीच. पाकीट पोस्टाने पाठवा, ते हायवेजवळच्या डब्यात ठेवतील. नंबर एकच असल्यामुळे जुना प्रवास पुसला जात नाही. माझं ऐकाल तर पहिल्यांदाच खेळणं आणि चिठ्ठी यांचे दोन संच करून ठेवा.

सीमेपलीकडे, आणि भारतात

लरेडोला किंवा व्हॅलीत पोचलं की पुढे मेक्सिको. मोनार्क जिथे हिवाळा काढतात ती मिचोआकानची जंगलं तीनेक हजार मीटर उंचीवर आहेत आणि गंमत म्हणजे ती मुळीच उबदार नाहीत. फक्त मिनेसोटाएवढी जीवघेणी नाहीत. तिथपर्यंत नेणारा प्रवासी मिळणं अवघड. तेव्हा मोहीम 'मेक्सिकोतला कुठलाही डबा' इतकीच ठेवा.

कुणी तुमचं किंवा दुसऱ्याचं ट्रॅकेबल घेऊन सुटीला पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला येणार असेल, तर टॅगची काहीच अडचण नाही, तो धातूचा तुकडा आहे. पण डबे शोधायला वापरायचं यंत्र तपासा. साधा फोन चालतो. सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारी हातातली जीपीएस यंत्रं मात्र भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रांवरून परदेशी पाहुण्यांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ते यंत्र अमेरिकेतच ठेवून या. भारतात डबे विरळ आहेत, तेव्हा निघण्यापूर्वीच नकाशा पाहून पुरेसा मोठा आणि नुकताच सापडलेला डबा हेरून ठेवा. नाहीतर खेळणं तुमच्याबरोबरच परत जाईल.

पोचल्यावर

व्हॅलीतल्या एखाद्या डब्यात 'ड्रॉप' झाल्याची नोंद आली की पहिलं काम, सोडणाऱ्याला आभाराचा निरोप आणि फोटोची विनंती. दुसरं काम फेब्रुवारी संपायच्या आत : मोहिमेची ओळ बदलणं. मार्चपासून आरव्ही उत्तरेला वळतात, आणि भल्या मनाचा कुणीतरी तुमचं फुलपाखरू हौसेने उचलून थेट आयोवात आणून सोडतो. ते तिथेच राहावं असं वाटत असेल तर 'आता टेक्सासच्या किनाऱ्यावर फिरू द्या, साउथ पाद्रे आयलंड दाखवा' असं स्पष्ट लिहा. परत यायला हवं असेल तर तसं लिहा, आणि मे महिन्यात बर्न्सव्हिलच्या आसपासच्या टीबी हॉटेलांवर लक्ष ठेवा. पंख तोवर मळलेले असतील. कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने धुवा, कीचेनचा स्क्रू आवळा, चिठ्ठीत पाणी शिरलं असेल तर नवी घाला. ऑक्टोबर यायला अवकाश असतो.